आण्णांची बाग, आण्णांच्या वह्या : आता पुढं काय करायचं?

पाणंदकर

गेल्या सोमवारी सकाळी सव्वासहाला आमच्या बागेचं फाटक बंद होतं. आण्णा घरी असताना असं, मला कळतंय तेव्हापासून, पहिल्यांदाच घडलं. पाऊस असो, दिवाळीची पहिली आंघोळ असो, त्या वेळेला आण्णा आत असायचेच. घरी गेलो तर आण्णा कॉटवर, गुडघ्याला पट्टा. डॉक्टरांनी वजन उचलायचं नाही म्हणून बजावलंय. वय एक्क्याऐंशी. मला बघितल्यावर उशाखालनं किल्ल्यांचा जुडगा काढला, कोनाड्यातल्या अकरा वह्या दाखवल्या आणि म्हणाले, "कुलूप मी अजून उघडीन, पर झारी उचलंना झालीया. तू बघ आता."

तेव्हापासून झोप नीट लागत नाही. म्हणून इथं आपल्या फोरमवर सगळं सविस्तर लिहितोय. आपल्यातले बरेच जण त्या भागातले आहेत, काही जण त्याच बागेत वाढलेत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कोल्हापुरात रमणमळ्याच्या बाजूला आमची जुनी कॉलनी आहे. लेआउट पाडताना सोडलेली मोकळी जागा, फार मोठी नाही. माझ्या शाळेच्या दिवसांत ती जागा म्हणजे उकिरडा होता. घर पाडलं की राडारोडा तिथं, गणपती झाले की निर्माल्य तिथं, फुटक्या बाटल्या तिथंच. कमरेएवढं काँग्रेस गवत, आत चेंडू गेला तर आणायला गेलेल्या पोराच्या हातापायाला खाज सुटायची. कधीतरी बसवलेला एक झोपाळा होता, त्याच्या नुसत्या साखळ्या उरलेल्या.

आण्णा उद्यमनगरात एका कारखान्यात टर्नर होते. पहिली पाळी सातची. एकदा कुणीतरी तिथल्या कचऱ्याला काडी लावली. त्या ढिगात उंबराचं एक हातभर रोप आपसूक उगवलेलं, ते अर्धं भाजलं. आण्णा सायकलवरनं चालले होते. उतरले, शेजारच्या घरातनं दोन बादल्या पाणी मागून घेतलं, आग विझवली आणि कामावर गेले. संध्याकाळी परत येऊन बघितलं तर रोपाची एक बाजू काळी, दुसऱ्या बाजूला तीन पानं हिरवी. तिथनं सुरुवात झाली. आज त्या उंबराला दोघांनी मिळून कवेत घ्यावं लागतं. उत्तरेच्या अंगाला बुंध्यावर एक उभी खोलगट खूण आहे, साल दोन्हीकडनं गुंडाळत येऊन मधे मिटत आलेली. ती त्या आगीची. आण्णा येता-जाता तिच्यावर हात ठेवतात.

पहिलं वर्षभर त्यांनी एकही झाड लावलं नाही. फक्त राडारोडा काढला. घमेल्यानं, एकट्यानं, पहाटे साडेचार ते सहा. खाली मुरूम आणि चुना निघाला. मग कुणा शेतकऱ्याच्या बैलगाडीतनं काळी माती, कुणाच्या गोठ्यातलं शेणखत, गुऱ्हाळावरचं पाचट. सगळं मागून आणलेलं.

वह्यांबद्दल सांगतो, कारण खरं लिहायचं आहे ते त्यासाठी. फुलस्केप वह्या, पट्टीनं आखलेले रकाने : झाड कुठलं, बी किंवा रोप कुठनं आणलं, कधी लावलं, पाण्याची पाळी कुणाची. आणि शेवटचा रकाना, "गेलं". मेलेल्या प्रत्येक झाडापुढं तारीख आणि कारण लिहिलेलं आहे. "शेळी." "चार दिवस गावाला गेलो, पाणी चुकलं." "गार्डची तार खोडात रुतली. माझी चूक." "पोरांचा बॉल. पोरांना बोललो न्हाई." "वाळवी." एका पानावर नुसतं, "कारण कळलं न्हाई."

परवा रात्री सगळ्या वह्या चाळल्या. "गेलं"चा रकाना भरलेला नाही असं पान मला सापडलं नाही. आपण सगळे ती बाग बघून "आण्णांनी एवढी झाडं लावली" म्हणतो. ते मात्र आयुष्यभर किती गेली आणि का गेली याचाच हिशेब ठेवत बसले. म्हणून बाग उभी राहिली, असं मला वाटतं.

आता प्रश्न. महाशिवरात्र झाली, ऊन चढायला लागलंय. गेल्या पावसाळ्यात लावलेल्या रोपांचा हा पहिलाच उन्हाळा आहे. पाणी कुणी घालायचं? बोअरची मोटार जुनी झालीय, तिचं काय? बाग पूर्णपणे महापालिकेकडं सोपवायची, की कॉलनीनं मंडळ करायचं? आणि ह्या वह्यांचं काय करायचं?

मंगळवारपेठी

डोळ्यांत पाणी आलं राव. आण्णांना माझा नमस्कार सांगा. मी त्या बाजूला चौथी ते सातवी राहायला होतो. पाण्याच्या पाळीत माझंही नाव असेल एखाद्या वहीत. बहुतेक बकुळीपुढं.

पाणंदकर

आहे. तिसऱ्या वहीत. बकुळ, "पाळी : वरच्या मजल्यावरचा धाकटा". नाव लिहिलेलं नाही, पण तुम्हीच असणार. बकुळ जिवंत आहे, फुलं येतात.

टिकाव_खोरं

आण्णांची मडक्याची पद्धत इथं लिहिली पाहिजे. मी शेतकरी माणूस, तरी ती त्यांच्याकडनं शिकलो.

शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतनं ते भट्टीत वाकडी झालेली, विकली न जाणारी मडकी आणायचे. बिनझिलईची, साधी भाजलेल्या मातीची पाहिजेत. गळ्यापर्यंत जमिनीत पुरायची, रोपापासनं वीतभर लांब. पाणी भरायचं आणि तोंडावर फरशीचा तुकडा ठेवायचा, नाहीतर डास होतात. मडकं घामेजल्यासारखं पाणी सोडत राहतं आणि माती ओढेल तेवढंच सोडतं. वरनं बादली ओतली की बरंचसं पाणी वाफ होऊन जातं, ते यात वाचतं. वर उसाच्या पाचटाचं चार बोटं आच्छादन. पाचट मात्र बुंध्याला चिकटू द्यायचं नाही, खोड कुजतं.

खरी गंमत दुसऱ्या वर्षी. पावसाळा संपला की ते मडकं उपटून हातभर बाहेर सरकवायचे. मी विचारलं, जवळच असू दे की, झाडाला सोपं पडंल. तर म्हणाले, "सोपं पडलं तर मूळ फिरणार न्हाई. त्याला चालायला लाव." तिसऱ्या उन्हाळ्यात मडकं काढून टाकायचं आणि पंधरा दिवसांतनं एकदाच आळं भरून पाणी. त्यानंतर झाड आपलं आपण बघतं.

रोप लावताना कुणी फोटो काढायला आलं की त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "आत्ता नगं. तिसरा उन्हाळा काढू दे त्याला, मग या फोटू काढायला."

शाहूपुरी_दुसरी_गल्ली

आण्णांबद्दल पूर्ण आदर ठेवून वेगळं मत मांडतो. घरफाळा आपण भरतो. मोकळ्या जागा, बागा हे महापालिकेचं काम आहे. एका माणसानं चाळीस-चाळीस वर्षं पहाटे उठून पाणी घातलं म्हणजे तेवढी वर्षं कुणाला तरी ते काम करावं लागलं नाही. त्यांच्या गुडघ्यांची किंमत कोण देणार? आणि आता परत कॉलनीतल्याच चार जणांनी तेच करायचं? माझं मत : रीतसर अर्ज द्या, माळी मागा, पाण्याचं कनेक्शन मागा. नाही मिळालं तर पाठपुरावा करा. लोकांच्या चांगुलपणावर बाग चालवायची नसते.

पाणंदकर

तुमचं चुकीचं नाही. फक्त एक गोष्ट सांगतो. वह्यांबरोबर एक पत्र्याची पेटी आहे, तिच्यात आण्णांच्या अर्जांच्या कार्बन कॉप्या आहेत. पाण्यासाठी, कुंपणासाठी, दिव्यासाठी. प्रत्येकावर पोच घेतलेली. म्हणजे त्यांनी हक्क सोडला नव्हता. कुंपण त्या अर्जांमुळंच झालं आणि बोअरही. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की अर्जाला उत्तर येईपर्यंत झाड थांबत नाही. अर्ज सकाळी द्यायचा आणि संध्याकाळी पाणी घालायचं.

उद्यान खात्यातले एक माळीमामा होते, निवृत्त झाले आता. ते सुट्टीच्या दिवशी स्वतःहून यायचे, छाटणी त्यांनीच आण्णांना शिकवली. फांदी आधी खालनं थोडी कापायची, मग वरनं, म्हणजे पडताना साल सोलून जात नाही. त्यांचंही देणं आहे या बागेवर, ते लिहिलं पाहिजे.

जांभळीखाली

सगळे आण्णांबद्दल लिहिताय, त्यांच्या पत्नीबद्दल, आक्कांबद्दल कुणीतरी लिहा. मी शेजारीच राहते म्हणून मीच लिहिते.

बोअर नव्हता तेव्हा नळाला पाणी दिवसाआड, तेही तासभर. आक्का धुण्याचं शेवटचं पाणी, तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी, सगळं हंड्यात साठवायच्या. साबणाचं वेगळं, बिनसाबणाचं वेगळं. बिनसाबणाचं झाडांना. डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी, दिवसातनं चार खेपा. आण्णा कारखान्यात पाळीला गेले की दुपारची बाग आक्कांची असायची. शेळ्या हाकलायच्या त्या, पोरांना ओरडायच्या त्या आणि ओरडून झाल्यावर त्याच पोरांना शेंगदाणा-गूळ द्यायच्याही त्याच. घरात दोन मुली, सासू अंथरुणाला खिळलेली, आणि ही एवढी मोठी बाग.

एकदा मी विचारलं, आक्का, तुम्हाला राग नाही येत? आण्णांचा सगळा जीव त्या झाडांत. त्या म्हणाल्या, "येतो की. मग मी सोनचाफ्याला पाणी घालत न्हाई दोन दिस. तिसऱ्या दिवशी माझंच मन खातंय."

आक्का जाऊन सहा वर्षं झाली. सोनचाफा फाटकाच्या उजवीकडं आहे. वहीत त्याच्यापुढं काय लिहिलंय, बघाल का?

पाणंदकर

बघितलं. पाचवी वही. "सोनचाफा. रोप आक्कानं माहेरनं आणलं. पाळी : आक्का." पुढं दुसऱ्या शाईत, अक्षर थोडं कापरं : "पाळी : मी."

जांभळीखाली

पुढं लिहवत नाही.

दूरदेशी_कोल्हापुरी

मी सतरा वर्षं कोल्हापूरबाहेर आहे. पण दसऱ्याच्या आदल्या दिवसाची आठवण अजून तशीच आहे. आण्णांनी कोपऱ्यात तीन आपटे लावलेले. दसऱ्याला सोनं म्हणून लोक फांद्याच्या फांद्या ओरबाडतात, म्हणून आदल्या संध्याकाळपासून आण्णा तिथं खुर्ची टाकून बसायचे. आम्ही पोरं रांगेत. प्रत्येकाच्या हातावर एक पान. मी म्हणालो, आण्णा, घरात पाच माणसं आहेत. तर म्हणाले, "एकच पान सगळ्यांनी एकमेकाला द्यायचं. सोनं हाय ते, भाजी न्हवं." दसरा चौकात सोहळा बघायला जायचो ते ते एक पान खिशात घालून. माझ्याकडं एक पान अजून पासपोर्टच्या पाकिटात आहे.

पैशाची गरज असेल तर सांगा. मोटारीचा खर्च मी करतो.

वनस्पतीवाली

मी वनस्पतिशास्त्र शिकवते. विद्यार्थ्यांना घेऊन या बागेत दोनदा गेले आहे, म्हणून थोडं लिहिते.

वर आपट्याचा उल्लेख आला. बाजारात सोनं म्हणून येणारी पानं पुष्कळदा कांचनाची असतात. कांचनाचं पान मोठं आणि मऊ, आपट्याचं लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंदीला जास्त. मुलांना हा फरक दाखवायला आण्णांनी मुद्दाम दोन्ही झाडं समोरासमोर लावलीत.

बहाव्याचं बी रुजवणं अवघड, कवच फार टणक असतं. आम्ही शिकवतो, गरम पाण्यात टाका किंवा कवच घासा. आण्णा टर्नर माणूस. त्यांनी प्रत्येक बी बोटांत धरून बारीक कानशीनं एका कडेला घासलेली मी पाहिली आहे. आतला फिकट रंग दिसला की थांबायचं, त्याच्या पुढं गेलं तर बी गेलं. हाताला तो अंदाज असा की मला प्रयोगशाळेतही जमला नसता.

त्याच बहाव्यांवर पावसाळ्यात अळ्या पडल्या होत्या, एकूण एक पान खाल्लं. कॉलनीतल्या काही जणांनी औषध मारा म्हणून आग्रह धरला. आण्णांनी नकार दिला आणि मला बोलावून घेतलं. त्या पिवळसर पांढऱ्या फुलपाखरांच्या अळ्या होत्या, बहावा हे त्यांचं खाद्यझाडच आहे. तीन आठवड्यांत नवी पालवी आली आणि बाग फुलपाखरांनी भरून गेली. ज्यांनी तक्रार केली होती, तेच नातवंडांना घेऊन बघायला आले.

"गेलं" या रकान्याबद्दल मी आज पहिल्यांदा वाचलं. वृक्षारोपणाचे आकडे सगळीकडं जाहीर होतात, मेलेल्या रोपांची कारणांसह नोंद मी कुठंच पाहिली नव्हती. ह्या वह्यांची प्रत करायची असेल तर माझे विद्यार्थी बसून उतरवून देतील. कृपया त्या ओल धरणाऱ्या कपाटात ठेवू नका.

रंकाळ्याची_झुळूक

२०१९ च्या महापुरात त्या बागेचं काय झालं होतं? त्या भागात पाणी शिरलं होतं ना?

टिकाव_खोरं

शिरलं होतं म्हणजे काय, बाग दिसतच नव्हती. ऑगस्टचा पहिला आठवडा. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, त्या वर्षी पाणी ५५ च्याही वर गेलं. हायवे बंद, गावात दूध नाही, पेट्रोल नाही. आण्णांना मुलीकडं राजारामपुरीत हलवलं होतं. पाणी ओसरायला लागल्यावर ते पहिल्यांदा घरी गेले नाहीत, बागेत गेले. मी बरोबर होतो.

सगळीकडं एकच रंग, गाळाचा. पानंसुद्धा त्याच रंगाची. वास असा की नाकाला रुमाल लावूनही जाईना. कुंपणाला थर्माकोल, चिंध्या, एक मेलेलं रेडकू अडकलेलं. मला वाटलं, संपलं सगळं. आण्णांनी चप्पल काढून ठेवली, चिखलात उतरले आणि पहिल्या झाडाच्या बुंध्याजवळ बसून हातानं गाळ उकरायला लागले. मी म्हणालो, आण्णा, आधी घर धुऊ. तर म्हणाले, "घराला नाक न्हाई. ह्यास्नी श्वास कोंडलाय."

नंतर मला कळलं त्याचा अर्थ. गाळाचा थर बसला की मुळांना हवा मिळत नाही. पूर ओसरला म्हणून आपण सुटलो असं वाटतं आणि झाडं महिन्या-दोन महिन्यांनी मरतात. आम्ही सहा जणांनी आठ दिवस प्रत्येक बुंध्याभोवतीचा गाळ काढला. टँकरचं पाणी मिळालं त्यातनं पानं धुतली.

तरीही कडुनिंब गेले. शेवगे तर आठवड्यात आडवे झाले. अर्जुन, जांभूळ, करंज, उंबर, कदंब यांना काही झालं नाही. वहीत आण्णांनी कडुनिंबापुढं लिहिलं होतं, "पाणी पायात थांबलं. ही जागा त्याची न्हवती. मी लावायला नको हुतं." २०२१ ला परत पूर आला तेव्हा खालच्या अंगाला सगळे अर्जुन आणि करंज होते. त्या वर्षी त्या बाजूचं एकही मोठं झाड गेलं नाही.

वनस्पतीवाली

अगदी बरोबर. कडुनिंब आणि शेवग्याला साचलेलं पाणी चालत नाही. अर्जुन तर मुळात ओढ्या-नदीकाठचंच झाड. आण्णांनी चुकीचं झाड पुरात गमावलं, ते लिहून ठेवलं आणि दोन वर्षांनी त्याचा उपयोग झाला. आमच्या भाषेत याला निरीक्षण म्हणतात.

बावड्याचा_बागाईतदार

एक प्रसंग राहिला, पेव्हर ब्लॉकचा. बागेचं सुशोभीकरण निघालं होतं. ठेकेदाराच्या माणसांनी वाट करताना ब्लॉक थेट बुंध्याला भिडवायला सुरुवात केली. वरनं सिमेंट. आण्णा भांडले नाहीत. कारखान्यातली जुनी घडीची फूटपट्टी आणि खडू घेऊन आले आणि प्रत्येक झाडाभोवती मीटरभराचं गोल रिंगण काढलं. दोन दिवस ठेकेदारानं ऐकलं नाही. तिसऱ्या दिवशी आण्णा मिस्त्रीला म्हणाले, "तुझ्या शेतात ऊस हाय न्हवं? त्याच्या बुडात सिमेंट वतशील का?" मिस्त्री कागलकडचा, स्वतः शेतकरी. त्यानं मान खाली घातली, रिंगणाच्या आतले बसवलेले ब्लॉक काढले आणि पुढं सगळीकडं जागा सोडली. वरच्यांना काय सांगायचं ते त्यानं सांगितलं असेल. त्या मिस्त्रीला पुढं कधीतरी आण्णांनी जांभळाची पाटी पाठवलेली मला माहीत आहे.

कायद्याचं_बोला

ही माहिती सगळ्यांनी जपून ठेवा. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांबाबत आदेश दिला होता, बुंध्याभोवतीचं मीटरभराचं काँक्रीट काढा म्हणून. आण्णांचं खडूचं रिंगण नेमकं तेवढंच होतं.

आपल्याकडं १९७५ चा झाडांचं संरक्षण व जतन करण्याचा कायदा आहे, तो नागरी भागाला लागू आहे. त्यात तोडणं म्हणजे फक्त कुऱ्हाड नव्हे. जाळणं, कोणत्याही रीतीनं इजा करणं हेही त्यात येतं. शहरातल्या झाडांची दर पाच वर्षांनी गणना करायची तरतूद आहे. २०२१ च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा दिला. उंबराचं वय मोजायला आता आण्णांची पहिली वही हा पुरावा ठरेल. म्हणून प्रत करताना तारखांच्या पानांचे स्वच्छ फोटोही घ्या.

शाहूपुरी_दुसरी_गल्ली

सगळं वाचलं. मी वर जे लिहिलं त्यावर ठाम आहे, अर्ज झालाच पाहिजे. तो मी लिहून देतो, पाठपुरावाही माझ्याकडं लागला. नळजोडणी आणि माळी, दोन्हीसाठी. पण तोपर्यंत माझं नाव गुरुवारच्या पाळीत घाला.

मंगळवारपेठी

रविवार माझा. मंगळवार पेठेतनं गाडीवर दहा मिनिटांचं अंतर आहे.

जांभळीखाली

सोनचाफा रोज माझा. बाकी शनिवार.

पाणंदकर

मंडळी, पंधरा दिवसांनी लिहितोय.

मोटार बदलली. दूरदेशी भावानं पैसे पाठवले, वायंडिंगवाल्यानं जुनी मोटार ठेवून घेऊन हिशेबात वळते केले. पाळ्या लागल्या, आठवड्याचे सातही दिवस भरले. कॉलेजची मुलं रोज संध्याकाळी दोन-दोन तास आण्णांच्या ओसरीवर बसून वह्या उतरवतात. जिथं अक्षर लागत नाही तिथं आण्णा सांगतात आणि सांगता सांगता त्या झाडाची सगळी हकीकत निघते. चौथ्या वहीपर्यंत पोचलेत. उंबरावर तांबट पक्षी घर करतोय, त्याची टुकटुक दिवसभर चालू असते. मुलांनी ती पण लिहून घेतली.

बारावी वही आम्ही सुरू केली. आण्णांनीच रकाने आखून दिले.

पण एक वाईट बातमी लिहायची आहे. शमी गेली. गेल्या मिरगाला लावलेली, मागच्या भिंतीजवळची. मंगळवार माझा. ऑफिसात वर्षअखेरीची धावपळ होती, मला यायला जमलं नाही आणि मी कुणाला फोनही केला नाही. बुधवारवाल्यांना वाटलं, मडकं भरलेलं आहे. त्याच्या आधीच्या आठवड्यातही मी घाईघाईत मागची भिंत सोडली होती, हे मला नंतर आठवलं. शनिवारी बघितलं तर फांदी मोडताना कट्कन आवाज आला. आत हिरवं काही नव्हतं.

रविवारी वही घेऊन आण्णांकडं गेलो. "गेलं"च्या रकान्यात लिहिलं होतं : "मंगळवारी दोनदा पाणी चुकलं. माझी पाळी. मी." आण्णांनी चष्मा लावून वाचलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बरोबर लिवलंस. आता खड्डा बुजवू नगंस. उघडाच ऱ्हाऊ दे, माती ऊन खाऊ दे. मिरगाला त्यातच दुसरी लावू."

शमीचं रोप कुणाकडं असेल तर कळवा. यंदाच्या जूनसाठी.

रंकाळ्याची_झुळूक

माझ्या गच्चीवर दोन आहेत, बियांपासनं केलेली. वीतभर झालीत. मिरगापर्यंत सांभाळते. मंगळवारी सकाळी मीही येत जाईन, तुम्हाला जमलं नाही तर अडायला नको.